सरांची रेघ

सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी पत्र आलं, त्यात ‘शाळेच्या प्रगतीबद्दल चार शब्द’ लिहा असं आहे. प्रगतीचं इतर लिहितीलच. मला इतिहासाच्या सरांबद्दल लिहायचंय. आपल्याकडे नुसतं ‘सर’ म्हटलं तरी कळतं.

आठवीत सरांनी हेडमास्तरांच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत व्हरांड्यात खडूने रेघ ओढली. एका टोकाला 1858, दुसऱ्या टोकाला 1962. आपल्या तालुक्यातल्या मुरुडचे अण्णा, महर्षी कर्वे, त्यांची 104 वर्षं. रेघेच्या वर देशातल्या घडामोडी, खाली अण्णा. वर राणीचा जाहीरनामा, खाली शेरवलीत जन्म. वर मुंबईत प्लेग, खाली अनाथ बालिकाश्रम, दोन्ही 1896. शेवटी वर चीनचं युद्ध चालू आणि खाली रेघ संपलेली.

मग सरांनी आम्हाला रेघेवर उभं केलं. अण्णांच्या सहावीच्या परीक्षेची जागा मला मिळाली, कारण वर्गात मीच बुटका. अण्णा मुरुडहून डोंगर ओलांडून साताऱ्याला पायी गेले आणि लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. सर परीक्षक झाले. मला वरखाली न्याहाळून म्हणाले, “जा घरी, दूध पी.” वर्ग खिदळला. मग म्हणाले, “चाल पुढे.” 1893, पुनर्विवाह, मुरुडकरांचा बहिष्कार. 1916, महिला विद्यापीठ. 1936, वय 78, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढायला मंडळ. “अजून चाल.” घंटा होऊन गेली, गणिताच्या बाई खडू घेऊन दारातच ऐकत उभ्या.

त्या रेघेवर 1961 पाशी ‘पानशेत फुटलं’ लिहिलेलं होतं. धरणं माझ्या डोक्यात शिरली ती तिथून. पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो.

मध्यंतरी शाळेत डोकावलो. व्हरांड्यात गुळगुळीत फरशी, तिच्यावर खडू उमटत नाही. संगणक कक्ष झकास आहे, नाही कोण म्हणतं? पण इतिहास आता गाईडमधल्या गाळलेल्या जागांत मावतो म्हणे.

सरांच्या निरोपसमारंभाला मी आलो होतो. खांद्यावरची शाल सावरत म्हणाले, “58 व्या वर्षी अण्णांनी विद्यापीठ काढलं. मी काय काढू, विहीर?” त्यानंतर कितीतरी वर्षं ते वाडीतल्या पोरांना ओटीवर फुकट शिकवत राहिले. मीही आता संध्याकाळी गावातल्या मुलांचं गणित घेतो. मोठेपणा म्हणून सांगत नाही. खरं तर सांगतोच आहे. सर असते तर इथेच टोकलं असतं.