आमची वाटचाल: ७ गाड्या, ३५ टायर

आमच्याकडे आज ७ पिकअप आहेत. म्हणजे रस्त्यावर २८ टायर आणि स्टेपन्या ७, एकूण ३५. लोक गाड्या मोजतात, मी टायर मोजतो, कारण डिझेल आणि हप्ता सोडला तर या धंद्यात पैसा जातो तो तिथंच, आणि आमचा धंदा सुरू होऊन चार वर्षं झाली नाहीत तोवर बुडायला आला होता तोसुद्धा टायरपायीच.

पण आधी आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे वडील, माथाडी. साताऱ्याकडचे, जावळी तालुक्यातले. आधी मशीद बंदरला पाठीवर गोण्या वाहिल्या, मग मार्केट मुंबईतून वाशी-तुर्भ्याला हललं तसे तेही इकडे आले आणि आम्ही कोपरखैरण्याचे झालो. सगळी हयात कांदा-बटाट्यात गेली. आबांना लिहायला-वाचायला जेमतेम येतं पण गोणीला नुसता हात लावून ते वजन सांगायचे आणि काटा त्यांच्यापेक्षा किलो-दोन किलो इकडंतिकडं निघायचा, बस. मी मात्र महापेला एका कंपनीत स्टोअरला होतो, नाइट शिफ्ट, पगार बेताचा. २०११ ला पतपेढीतून कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली, एमएच ४३ पासिंगची, आणि मार्केटमधून ठाणे, कळवा, डोंबिवलीच्या दुकानदारांना कांदा-बटाटा पोचवायला लागलो. पहाटे ३ ला लोडिंग, ६ च्या आत कळवा नाका पार, नाहीतर ट्रॅफिकमध्ये बसा. पहिली तीन वर्षं मीच ड्रायव्हर मीच क्लीनर.

२०१४ ला दुसरी गाडी आली आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून मामा आले. सख्खे नव्हेत, पण आमच्याकडे सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीपण. आता लोकल फेऱ्यांबरोबर नाशिक लाइनपण धरली, लासलगाव-पिंपळगावचा कांदा थेट उचलायचा. इथं माझं डोकं जरा हवेत गेलं. गाडीचं पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेला माल, सव्वा टनाचं आणि आम्ही भरायचो पावणेदोन, कधी त्याच्याही वर. सगळेच भरतात म्हणून आपणपण.

२०१५ च्या एप्रिलला मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते. दुकानात गेलो, साइज सांगितली, २१५/७५ आर १५, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ७५ टक्के, आणि रिम १५ इंची. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले, साइज अक्षरन् अक्षर तीच पण एक टायर हजार-बाराशेने स्वस्त. मी विचारलं फरक काय, तो म्हणाला काही नाही शेठ, हा जीपला पण चालतो, मऊ आहे, गाडी आपटणार नाही. मला वाटलं बरंच की. घेतले दोन आणि वर बिल न घेता अजून दोनशे वाचवले, तेही सांगून टाकतो.

मे महिन्यात दुपारच्याला मामा कांदा भरून कसारा घाट उतरले आणि शहापूरच्या अलीकडे मागचा डावा फुटला. पंक्चर नव्हे, फुटला. तळवा एकीकडे आणि कडा एकीकडे. गाडी डावीकडे ओढली गेली, मामांनी ब्रेक न मारता नुसतं स्टेअरिंग धरून ठेवलं म्हणून उलटली नाही, पण मागचा फाळका उघडून निम्म्या गोण्या हायवेवर. कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा. कांद्याचे पैसे भरून द्यावे लागले, दोन्ही गाड्यांचे हप्ते थकले आणि मामा आठवडाभर स्टेअरिंगला हात लावायला तयार नव्हते.

फुटलेला टायर घेऊन मी भांडायला निघालो होतो, पण दुकानाच्या आधी शिळफाट्याला आमच्या ओळखीचा एक मलयाळी पंक्चरवाला होता, त्याच्याकडे थांबलो. त्याने टायर आडवा टाकला, फडक्याने कड पुसली आणि बोट ठेवलं. साइजच्या पुढे लिहिलं होतं १०० एस. म्हणाला हे वाचलं का? हा १०० म्हणजे शंभर किलो नाही, तो कोड आहे, १०० म्हणजे एक टायर जास्तीत जास्त ८०० किलो उचलणार. एस म्हणजे ताशी १८० चा वेग. तुला वेग पाहिजे का वजन? मग त्याने बाजूला पडलेला पिकअपचा जुना टायर ओढला, त्याच्यावर तीच साइज पण पुढे एलटी म्हणजे लाइट ट्रक, मग ८ पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, आणि आकडे दोन, १०६/१०३. पहिला आकडा चाक एकेरी असेल तेव्हाचा, दुसरा मागे जोडीने दोन-दोन चाकं असतात तेव्हाचा. आपल्या पिकअपला पहिलाच बघायचा. १०६ म्हणजे ९५० किलो. एका टायरमागे दीडशे किलोचा फरक, म्हणजे मागच्या दोघांत मिळून तीनशे. सहा गोण्या! आणि हजार रुपयांसाठी मी ते सोडून दिलं होतं.

८ पीआर म्हणजे आत आठ थर असतात असं मला वाटायचं, तसंही नाही. जुन्या काळी टायरात सुती कापडाचे थर असायचे तेव्हाचं ते माप, आता आत एखाददुसराच थर पण ताकद तेवढ्या थरांची. आणि टायर फुटतो का, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो खाली दबतो आणि परत उठतो, वजन जास्त किंवा हवा कमी असली की जास्त दबतो, त्यातनं गरम होतो, कडा आतून सुटायला लागतात आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यात मे महिन्याचा डांबरी रस्ता.

भांडायला गेलोच नाही मग. घरी आलो. आबांना सगळं सांगितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आरं, पन्नासाच्या वरची गोणी पाठीवर घेणार न्हाई म्हणून आम्ही भांडलो. आन तू त्या टायराला इचारलंस का, तुला किती झेपतंय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊनच तुर्भ्याच्या वजनकाट्यावर गेलो. नेहमीचा माल भरून आधी पूर्ण गाडी काट्यावर आणि मग फक्त मागची चाकं. हे कुणीपण करू शकतं, काटेवाला जास्तीचे पैसे पण घेत नाही फारसे, पण आम्ही चार वर्षांत कधी केलं नव्हतं. मागच्या अ‍ॅक्सलवर आलं २,०२० किलो. आणि हा आमच्या हिशेबाने हलका लोड होता, चौदाशेच्या आसपास. म्हणजे एका टायरवर १,०१० किलो. योग्य तो ९५० वाला टायर असता तरी आम्ही त्याच्या पलीकडेच होतो! दुकानदारावरचा राग तिथं निम्मा उतरला, निम्मा अजून आहे.

तेव्हापासून त्या गाड्यांवर पासिंगच्या वर माल बंद. एक मोठा व्यापारी त्यामुळे तुटला, म्हणाला बाकीचे नेतात तुम्हालाच काय झालं. वाईट वाटलं, महिन्याला वीसेक फेऱ्या होत्या त्याच्या. पण ज्यांना माल वेळेत आणि अख्खा पाहिजे होता ते राहिले, त्यातले काही आजपण आहेत. नंतर जड मालासाठी मोठ्या पिकअपच घेतल्या, ७.०० आर १५ टायरवाल्या, १२ पीआर. त्यांचा एक टायर घ्यायचा तर खिशाला भोक पडतं पण त्या गाड्या कळंबोलीच्या स्टील मार्केटचं काम करतात, तिथं दुसरं काही टिकणार पण नाही. कळंबोलीहून गाडी आली की रात्री स्क्रूड्रायव्हर घेऊन टायरच्या खाचांतला लोखंडाचा चुरा उकरून काढायचा हे आमच्याकडे दात घासण्यासारखं आहे. नाही काढला तर तो हळूहळू आत जातो.

त्याच वर्षी मी एक डायरी सुरू केली. प्रत्येक टायरला नंबर, कधी घातला, किती किलोमीटरला, कुठल्या चाकाला, कधी काढला, का काढला. आधी बायको हसायची, पोरांची पण एवढी नोंद नाही म्हणायची. पण त्या डायरीने जे सांगितलं ते कुठल्या दुकानदाराने सांगितलं नसतं. ६,४०० चा एक टायर २६,००० किलोमीटरला संपला, म्हणजे किलोमीटरला साधारण २५ पैसे. ८,२०० चा दुसरा ४७,००० गेला, साडेसतरा पैसे. स्वस्त कुठला ते तुम्हीच बघा. आणि हेही दिसलं की मामांच्या गाडीचे टायर दुसऱ्या एका ड्रायव्हर पोराच्या गाडीपेक्षा नेहमी जास्त किलोमीटर जायचे, कारण मामा सकाळी गाडी थंड असताना हवा बघतात. तो पोरगा दुपारी घाट चढून आल्यावर बघायचा, गरम टायरात हवा जास्तच दाखवणार, मग तो काढून टाकायचा, आणि संध्याकाळी टायर कमी हवेवर. त्याला चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा डायरी दाखवली तेव्हा पटलं.

मामांशी माझं एकाच गोष्टीवर जमत नाही, नवी जोडी कुठे टाकायची. त्यांचं म्हणणं नवे पुढे, पुढचा फुटला तर स्टेअरिंग जातं. माझं म्हणणं मागे, कारण ओझं मागे आहे आणि पावसात गाडीची शेपूट घसरली की सावरता येत नाही. सध्या माझं चालतं, मालक म्हणून. पण जोडीनेच बदलायचे आणि एका अ‍ॅक्सलवर एक नायलॉन एक रेडियल, म्हणजे आतल्या दोऱ्यांची ठेवण वेगळी असलेले दोन प्रकार, असं कधीच करायचं नाही यावर दोघांचं एकमत.

नक्षीचं पण तसंच. हायवे जास्त असेल तर सरळ रेघांचा रिब टायर पुढे-मागे, आवाज कमी आणि जातो पण जास्त. तळोजा एमआयडीसीच्या आतल्या खड्ड्यांत किंवा पावसाळ्यात साइटवर खडी-वाळू टाकणाऱ्या गाडीला मागे जाड गट्ट्यांचा लग टायर. आमच्या एका ड्रायव्हरला मात्र सगळ्याच गाड्यांना लग पाहिजे, दिसायला दणकट दिसतात म्हणून. त्यानेच एकदा मी गावी असताना २३५/७५ ची जोडी मागे टाकून आणली, गाडी उंच दिसते म्हणे. उंच तर दिसणारच, व्यास तीन सेंटीमीटरने वाढला, पण मीटर ६० दाखवायचा तेव्हा गाडी साडेबासष्टला असायची आणि माल भरला की खड्ड्यात टायर मडगार्डला घासायचा. पंधरा दिवसांत काढायला लावले.

रिट्रेड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून घेणं, तेपण करून पाहिलं, दोनदा, मागच्या चाकांना. मोठ्या ट्रकवाल्यांना परवडतं, त्यांचं तंत्र वेगळं. आमच्या पिकअपला दुसऱ्याच उन्हाळ्यात रबराचा पट्टा सुटून आला. आता नाही करत.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाजीपाला अत्यावश्यक म्हणून आमच्या निम्म्या गाड्या चालू होत्या, मे महिन्यात मार्केटच आठवडाभर बंद झालं तेव्हा त्याही थांबल्या. सगळ्यांना धंद्याची काळजी, आबांना उन्हात उभ्या गाड्यांची. रोज संध्याकाळी खाली उतरून प्रत्येक गाडी हातभर पुढे-मागे करायला लावायचे, चाकं एकाच जागी बसू नयेत म्हणून. सोसायटीवाले खिडकीतून बघायचे, हे काय चाललंय.

गेल्या वर्षी २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आम्ही रिव्हर्स चार्जवाले, म्हणजे भाड्यावरचा जीएसटी आमच्याऐवजी भाडं देणारा भरतो, आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आम्हाला मिळत नाही, त्यामुळे ८,००० मूळ किमतीच्या टायरला सरळ ८०० रुपये वाचले. त्या दिवाळीत एकदम आठ टायर घेतले, पक्क्या बिलावर. घेताना दुकानातच कडेवरचे शेवटचे चार आकडे बघितले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दोन टायर दीड वर्ष जुने निघाले ते परत ठेवायला लावले. दुकानदार म्हणाला शेठ तुम्ही फार बघता. हो म्हटलं.

आणि एवढं सगळं बघणाऱ्या माझ्या गाडीखाली काय निघावं? परवा सगळ्या स्टेपन्या उतरवून तपासत होतो तर मामांच्या गाडीच्या स्टेपनीवर आकडा १९१६. २०१६ चा एकोणिसावा आठवडा. कधी चाकाला लागलीच नाही, त्यामुळे नव्या टायरवर रबराचे केस असतात ते अजून जसेच्या तसे, पण कडेला बारीक भेगांचं जाळं. डायरीत तिची नोंदच नाही, कारण ती कधी चालली नाही आणि मी नोंद करायचो फक्त चाललेल्यांची. मी म्हटलं मामा ही टाकून देऊ. मामा म्हणाले कोरा टायर टाकून देतो का कुणी. आबा पायरीवर बसले होते, त्यांनी अंगठ्याने भेग दाबून पाहिली आणि म्हणाले, "झाडाला बांधा, पोरांना झोका होईल." सध्या ती गाळ्याच्या दाराशी उभी आहे, मामा येता-जाता तिच्याकडे बघतात आणि मी नवीन स्टेपनीचे भाव मागवलेत.