जॅक एलम लॉग: वही १९७१ पर्यंत आली एकदाची

तर मंडळी, हा लॉग बरेच दिवस रखडला होता, आता जोर लावून १९७१ पर्यंत आणलाय. सिनेमे बाजूला, फक्त अमेरिकन नट जॅक एलमचे टीव्हीवरचे गेस्ट रोल (एखाद्या एपिसोडपुरते), आणि तेही वेस्टर्नच, म्हणजे काउबॉय-शेरीफवाल्या मालिकांतले. 'ट्वायलाइट झोन' मालिकेतला त्याचा १९६१ चा डायनरमधला वेडगळ माणूस मी अधूनमधून बघत असतो पण तो वेस्टर्न नाही म्हणून वहीत नाही, नियम म्हणजे नियम.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. जॅक एलम म्हणजे अॅरिझोनातल्या मायामी गावचा, जन्म १९२०, लहानपणी दुसऱ्या पोराने पेन्सिल खुपसली आणि डावा डोळा गेला. तो डोळा मग आयुष्यभर आपल्याच मर्जीने भलतीकडे बघत राहिला. पुढे हा गडी अकाउंटंट झाला, हॉलिवूडमध्येच हिशेब बघायचा, आणि आकडे बघून बघून उरलेला एक डोळा पण जाईल असं डॉक्टरने सांगितल्यावर त्याने काय केलं तर सिनेमासाठी पैसे उभे करून दिले आणि बदल्यात खलनायकाचे रोल मागून घेतले. म्हणजे बघा, अॅक्टिंगमध्ये आला तो डोळे वाचवायला, आणि नाव झालं ते डोळ्यामुळेच!

वहीचे कॉलम परत विचारले होते म्हणून देतोय. मालिका, एपिसोड, तारीख, पात्राचं नाव, दाढी किती वाढलीय, मेला का, कोणी मारला, आणि शेवटचा कॉलम 'डोळा', म्हणजे कॅमेऱ्याने तो खराब डोळा वापरलाय का नुसता चेहऱ्यासोबत आलाय. शेवटच्या कॉलमवरून माझी घरी खूप चेष्टा होते पण खरी गंमत तिथेच आहे, पुढे सांगतो.

आधी १९५८ ते ६० चा गठ्ठा. हा काळ पटापट संपतो कारण सगळं अर्ध्या तासाचं आहे, जाहिराती काढल्या की पंचवीस-सव्वीस मिनिटं उरतात. तेव्हा अमेरिकेत वेस्टर्नची नुसती लाट होती, १९५९ ला प्राइमटाइममध्येच पंचवीसहून जास्त वेस्टर्न मालिका चालू होत्या आणि एकेकीचे वर्षाला ३९ एपिसोड वगैरे. आता विचार करा दर आठवड्याला प्रत्येक मालिकेला एक नवा बदमाश लागणार, आणि तो बदमाश आहे हे पब्लिकला पहिल्या मिनिटात कळायला पाहिजे कारण त्याची पार्श्वभूमी सांगत बसायला वेळच नाहीये. एलम दारातून आत आला की तेवढं काम आपोआप व्हायचं. 'रायफलमन' मालिकेतला 'ड्युएल ऑफ ऑनर' (१९५८) घ्या, एक इटालियन काउंट नॉर्थ फोर्कला येतो, नीटनेटके कपडे, आदबीने बोलणं, आणि गावातला आडदांड सिम ग्रोडर त्याची टर उडवतो. ग्रोडर म्हणजे आपला एलम. लिहिलेला रोल अगदी सरधोपट आहे, पण एलम समोरच्याकडे बघतोय का त्याच्या मागे कोणाकडे बघतोय हे कळत नाही, त्यामुळे साध्या टवाळकीत पण धोका वाटायला लागतो. डोळा कॉलमला पूर्ण मार्क.

रायफलमनमध्ये तो परत परत आलाय, दर वेळी वेगळा माणूस. डॉज सिटी गावात घडणाऱ्या 'गनस्मोक' मालिकेत तर पंधरा वेळा! पंधरा वेळा हाच चेहरा डॉज सिटीत येतो आणि गावचा डॉक्टर डॉक म्हणत नाही की अरे तू तर मागच्या वर्षी मेला होतास ना. तेव्हाच्या टीव्हीची ही सोय मला भारी आवडते. एकदा दाखवलं की परत बघायची फारशी सोय नव्हती, कोण लक्षात ठेवणार.

या गठ्ठ्यात एक एपिसोड मात्र वेगळा निघाला, आणि माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं. गनस्मोक, 'व्हेअर्ड दे गो', मार्च १९६०. एलम म्हणजे क्लिंट डोडी नावाचा शेतकरी, दुकान लुटल्याचा संशय. डॉजचा मार्शल मॅट डिलन आणि त्याचा मदतनीस चेस्टर त्याला पकडायला जातात आणि पठ्ठ्या इतका गोडगोड बोलतो की हे दोघं त्याच्या घरची कामं उरकत बसतात. चेस्टरचा चेहरा बघाच. आता सगळीकडे लिहिलेलं असतं की एलम विनोदी रोलकडे वळला तो १९६९ च्या 'सपोर्ट युअर लोकल शेरीफ' सिनेमापासून. अहो पण हे १९६० चं आहे! मेला का कॉलममध्ये 'नाही', कोणी मारला मध्ये रेघ, आणि शेऱ्यात मी लिहिलं 'हसलो'.

म्हणून या वेळी मी वही त्याच नजरेने भरत गेलो. माझं म्हणणं असं की सिनेमावाल्यांना जे १९६९ ला सुचलं ते टीव्हीवाले आधीच गपचूप करत होते, गेस्ट रोलमधून.

१९६३ हे वर्ष जरा अवघड गेलं कारण त्यात तो गेस्ट नाहीच, नेहमीचा आहे. आधी 'द डकोटाज', एबीसीवर, डेप्युटी जे. डी. स्मिथ. जानेवारीत सुरू आणि मे महिन्यात बंद, चर्चमधल्या गोळीबाराच्या एका एपिसोडवरून लोक खवळले होते. या मालिकेचा पायलट, म्हणजे नमुन्याचा एपिसोड, 'शायान' या दुसऱ्या वेस्टर्न मालिकेचा एपिसोड म्हणून दाखवला होता, आपल्या जुन्या लॉगमध्ये त्याची नोंद आहे. मग त्याच वर्षी सप्टेंबरला एनबीसीवर 'टेम्पल ह्यूस्टन', जेफ्री हंटर वकील आणि एलम मार्शल जॉर्ज टॅगर्ट. टेम्पल ह्यूस्टन खरा होऊन गेला बरं का, टेक्सासवाल्या सॅम ह्यूस्टनचा मुलगा. मालिका घाईघाईत उभी केलेली आणि ते दिसतं, २६ एपिसोडमध्ये गाशा गुंडाळला. पण दोन्हीकडे गंमत बघा, ज्या माणसाला पाच वर्षं नुसतं गोळ्या घालून मारलं त्याच्या छातीवर बिल्ला लावलाय. पब्लिकला चालेल असं कोणालातरी वाटलं म्हणूनच ना?

आता या अपडेटचा खरा माल. १९६५, गनस्मोकचा अकरावा सीझन, ब्लॅक अँड व्हाइटचा शेवटचा. मालिका १९६१ पासून एक तासाची झालेली होती त्यामुळे गेस्टला आता श्वास घ्यायला जागा आहे. ऑक्टोबरमध्ये येतो 'क्लेटन थॅडियस ग्रीनवुड'. थॅडचा बाप ओक्लाहोमाचा शेरीफ, चार टगे त्याचा भर गावात अपमान करतात, म्हातारा हार्ट अटॅकने जातो, आणि पोरगा त्या चौघांच्या मागे डॉजपर्यंत येतो. टग्यांचा म्होरक्या सॅम बँड म्हणजे एलम. यांनी म्हाताऱ्यावर गोळी झाडलेली नाहीये, कायद्याने यांना धरायचं कसं हा प्रश्न आहे, आणि हे एलमला चांगलं माहितीय. तो मुळी ओरडतच नाही. बसतो, हसतो, मी काय केलं सांगा ना असा भाव. मी वहीत लिहिलंय की याच्यापेक्षा किळसवाणा एलम अजून सापडला नाही.

आणि दोन महिने पण होत नाहीत तर नोव्हेंबरमध्ये तीच मालिका, तोच सीझन, तेच सलून, आणि हा माणूस मॅलकाय हार्पर म्हणून येतो. 'मॅलकाय'. गावातला बेवडा, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. भावाला पत्रं लिहिताना याने थाप मारलेली असते की मी डॉज सिटीचा मार्शल आहे, आणि आता भाऊ भेटायला येतोय. बास एवढीच गोष्ट. पण एलम काय करतो बघा, बिल्ल्याच्या भूमिकेत शिरल्यावर तो मॅट डिलनची नक्कल करत नाही, तो मार्शल कसा असावा असं एका बेवड्याला वाटतं तसं करतो, आणि त्यात फरक आहे! मान ताठ पण नजर पळतेय. आणि इथे मला डोळा कॉलममध्ये काय लिहावं कळेना. बँडच्या वेळी तोच डोळा बघून पोटात गोळा येतो, मॅलकायच्या वेळी तोच डोळा बघून वाटतं की या माणसाकडे आजवर कोणी सरळ बघितलंच नसेल. डोळ्यात काडीचा बदल नाहीये, पापण्या आणि भुवया काय करतायत त्याच्यावर सगळं आहे. बँडची उजवी पापणी जड, अर्धी मिटलेली. मॅलकायची सारखी वर, जणू काही चुकलं का विचारतोय. पॉज करून करून बघा, दोन्ही एपिसोड एकामागे एक लावा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

त्यानंतरचे सगळे विनोदी रोल मला याच्या उजेडात दिसायला लागले. 'बोनान्झा' मालिकेचा 'अ ब्राइड फॉर ब्यूफर्ड' (१९६७) बघितला, सोनं सापडून अचानक श्रीमंत झालेला भोळसट ब्यूफर्ड, आणि सलूनमधल्या बाईपासून त्याला वाचवायला निघालेला हॉस, मालिकेतला एक नायक. ठीक आहे, हॉस आणि एलम एका फ्रेममध्ये म्हणजे पैसे वसूल, पण गोष्ट लांबवलीय. बोनान्झाच्याच 'ऑनेस्ट जॉन' (१९७०) मध्ये पाळीव कावळा घेऊन फिरणारा भटक्या आहे, मालिकेतल्या जेमी नावाच्या पोराला लळा लावतो. जरा जास्तच साखर घातलीय, आणि कावळा भाव खाऊन जातो.

मध्ये १९६८ चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' येतो. सिनेमा असल्यामुळे वहीत नाही पण सोडून पुढे जाता येईना. ओसाड स्टेशन, तीन बंदूकवाले ट्रेनची वाट बघतायत, एलमच्या दाढीच्या खुंटांवर माशी बसते. तो हात हलवत नाही, ओठ वाकडा करून फुंकर मारतो, माशी परत येते, परत फुंकर. मग माशी शेजारच्या लाकडावर बसते आणि हा पिस्तुलाच्या नळीत तिला पकडतो, नळीच्या तोंडावर बोट ठेवतो आणि आतली गुणगुण कानाला लावून ऐकत बसतो, चेहऱ्यावर लहान पोराचं हसू. संवाद शून्य. लोक याला दिग्दर्शक लिओनेची कमाल म्हणतात, आहेच, पण त्या हसण्यात सॅम बँड आणि मॅलकाय दोघंही आहेत हे वही भरल्याशिवाय मला दिसलं नसतं. (आपल्या 'शोले'त ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तो सीन याच सिनेमातल्या मॅकबेन कुटुंबाच्या सीनवरून घेतलाय, हे माहिती असेलच सगळ्यांना.)

या अपडेटमधला शेवटचा, गनस्मोकचा 'पी. एस. मरी ख्रिसमस', डिसेंबर १९७१. टायटस स्पँगलर, अनाथाश्रमातला हरकाम्या, कडक बाईच्या तावडीतून सात पोरं घेऊन पळतो आणि डॉजला पोचतो. त्या पोरांमध्ये नऊ वर्षांची जोडी फॉस्टर आहे. एपिसोड गोग्गोड आहे, नाताळचा आहे, माफ. पण गनस्मोकमध्ये ज्याला बघून आया पोरांना आत बोलवत असतील त्याच्याच हातात सात पोरं देतायत आणि कोणाला खटकत नाहीये! मेला का: नाही. दाढी: पांढरी व्हायला लागलीय.

पुढचं काम. गनस्मोकचे मधले काही राहिलेत, 'माय फादर, माय सन' (१९६६) आणि 'द सिस्टर्स' (१९६९) आधी घेणार. एक वैताग म्हणजे फुकटात मिळणाऱ्या कॉप्या वरून-खालून कापून रुंद केलेल्या असतात, एलमची हनुवटीच गायब, मग दाढी कॉलम भरायचा कसा? आणि शेवटचे क्रेडिट उडवलेले, त्यात तर गेस्टची नावं असतात. तेव्हा कोणाकडे 'द डकोटाज'चे चौकोनी फ्रेमवाले, क्रेडिटसकट एपिसोड असतील तर सांगा. नसतील तर निदान कुठल्या एपिसोडमध्ये जे. डी. स्मिथला जास्त काम आहे तेवढं तरी कळवा, तिथून सुरुवात करतो.