सस्पेन्शन पिनसाठी अवजारं: पैसे आधी रीमरवर घाला

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाडीचं सस्पेन्शन अडकत चालायला लागलं की हात पहिल्यांदा शॉककडे जातो. तेल बदला, स्प्रिंग बदला. त्याआधी एक तपासणी करा. चाक काढा, शॉकचं खालचं टोक सोडवा, वरचा लिंक आणि स्वे बार (डावी-उजवी बाजू जोडणारी तार) असेल तर तोही मोकळा करा. आर्म, म्हणजे चाक धरणारा आणि पिनवर वरखाली हलणारा हात, आडवा धरून सोडून द्या. तो स्वतःच्या वजनाने सरळ खाली पडला पाहिजे. मध्येच थबकला, तर शॉकमध्ये कितीही महागडं तेल ओता, गाडी खड्ड्यावर उडणारच.

इथे मी १/१० स्केलच्या बग्गी आणि टूरिंग गाड्या धरल्या आहेत. त्यांत आतली, म्हणजे चॅसीकडची, पिन बहुधा ३ मि.मी.ची असते. १/८ बग्गीत आतली पिन ४ मि.मी.ची सापडते. जुन्या अमेरिकन गाड्यांत १/८ इंच, म्हणजे ३.१७५ मि.मी. हे व्हर्निअर लावून आधी बघा. ३.१७५च्या भोकात ३ची पिन सहज जाते, बसल्यासारखी वाटते, आणि मागचं चाक टो (चाकाचा वरून दिसणारा आत-बाहेरचा कोन) धरत नाही.

पिन सहसा मापात असते, कारण ती ग्राइंड केलेली पोलादी सळई आहे. भोक मात्र साच्यातून आलेल्या नायलॉनचं असतं. नायलॉन थंड होताना आकसतं आणि भोक दोन-तीन शतांश मि.मी.ने लहान राहतं. म्हणून अवजारांचे पैसे भोकासाठी खर्च करावेत, हे माझं मत. लोक उलट करतात: आधी रंगीत मुठीचे प्लायर घेतात आणि भोक मोठं करायला ३ मि.मी.चा ड्रिल बिट फिरवतात. नायलॉनमध्ये ड्रिल बाहेर काढल्यावर भोक परत थोडं मिटतं. शिवाय मशीनवर लावला तर नायलॉन तापून चिकटतं आणि आतून खरबरीत होतं.

यासाठी सरळ रीमर (भोक आतून किंचित कापून नेमक्या मापाचं करणारं अवजार) हवा, ३.० मि.मी.चा, आणि तो हाताने फिरवायचा. इथे एक घोटाळा नेहमी होतो. हॉबीच्या दुकानात ‘रीमर’ मागितला की बॉडी रीमर हातात पडतो. तो निमुळता असतो, पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला भोकं पाडण्यासाठी. आर्ममध्ये घातला की भोकाचं तोंड नरसाळ्यासारखं पसरतं, आणि तो आर्म तिथेच संपला.

मग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळणारा साधा इंजिनिअरिंगचा हँड रीमर चालेल का? अरुंद आर्मला चालतो. पण ३ मि.मी.चा हँड रीमर एकूण ६० मि.मी.च्या आसपास लांब असतो आणि कापणारा भाग त्याच्या निम्माच. आर्मच्या दोन्ही कानांतून, म्हणजे पिन जाते त्या दोन टोकांतून, तो एका दमात जायला हवा. नाही गेला, तर एक बाजू इकडून आणि दुसरी तिकडून कापावी लागते, दोन भोकं एका रेषेत राहत नाहीत आणि पिन तिरपी दाबली जाते. हुडीसारख्या कंपन्या आर्मसाठी वेगळे लांब रीमर विकतात ते यासाठीच. महाग आहेत, पण नीट वापरलात तर नायलॉनवर वर्षानुवर्षं धार टिकते.

फिरवायचा फक्त घड्याळाच्या दिशेने, बाहेर काढतानासुद्धा. उलटा फिरवला की किस धारेखाली दाबला जातो आणि भोकाला ओरखडे पडतात. एकदा आरपार, बाहेर काढून ब्रशने साफ, मग पिन घालून बघायची. तेवढ्याने झालं तर दुसऱ्यांदा नको. काढलेलं नायलॉन परत लावता येत नाही.

रीमर धरण्यापूर्वी मात्र दोष खरंच भोकात आहे ना, हे ठरवा. पिन काचेवर लोळवा. वाकडी असेल तर खालून उजेडाची फट उघडझाप करते. पिन सरळ असेल तर पिन धरणाऱ्या पुढच्या-मागच्या माउंटचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा. सैल केल्यावर आर्म मोकळा आणि आवळल्यावर जड, तर माउंट वाकला आहे किंवा एका रेषेत नाही. तिथे रीमर फिरवणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे.

दुसरी खरेदी १.५ मि.मी.चा चांगला हेक्स (षटकोनी टोकाचा) ड्रायव्हर. बाहेरची पिन हब कॅरिअरमध्ये (चाकाचा आस धरणाऱ्या भागात) एम३च्या ग्रब स्क्रूने, म्हणजे डोकं नसलेल्या स्क्रूने, धरलेली असते, आणि या स्क्रूची खाच १.५ची असते. गाडीतला सर्वांत बारीक हेक्स हाच आणि सर्वांत आधी गुळगुळीत होणाराही हाच. पाकिटातली एल आकाराची ॲलन की टोकाला गोल असते. ते टोक ग्राइंडरवर एक-दोन मि.मी. सपाट घासलं तर बराच काळ चालतं. बॉल एंड (गोळीसारखं टोक असलेली की) इथे वापरूच नये. जुन्या अमेरिकन गाड्यांत ४-४०च्या (इंची मापाच्या) ग्रब स्क्रूला ०.०५० इंचाचा हेक्स लागतो, म्हणजे १.२७ मि.मी. तिथे १.५ ठोकून बसवायचा मोह आवरा.

ग्रब स्क्रू पिनच्या सपाट घासलेल्या भागावर यायला हवा. गोल भागावर आवळला की पिनवर बर (धातूची बारीक कड) उठतो, आणि पुढे ती पिन ओढून काढताना तोच बर भोक खरवडतो. म्हणून काढण्याआधी स्क्रू पूर्ण सोडा, पिन थोडी सरकवा, बर बारीक कानशीने घासा, मगच ओढा. नायलॉनमध्ये हा स्क्रू टेकला की थांबायचं. पुढचा पाव फेरा आटे उडवतो. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) फक्त धातूत, निळा. प्लास्टिकमध्ये त्याची गरज नसते आणि काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

पिन अडकली तर पकडीने मधोमध धरू नका, दात उमटतात. २.५ मि.मी.चा पिन पंच, खाली भोक पाडलेला लाकडाचा ठोकळा आणि हलके टोले. वाकलेली पिन तर ठोकूच नये. दोन कानांच्या मध्ये कटिंग डिस्कने तोडून दोन तुकडे बाहेरच्या बाजूंनी काढावेत. नव्या पिनला हातोडी लागत असेल, तर परत रीमरकडे.

ई-क्लिपसाठी (पिनच्या टोकाच्या खाचेत बसून तिला अडवणारी क्लिप) वेगळं अवजार मिळतं, पण साधा नोज प्लायर पुरतो. एक जबडा क्लिपच्या पाठीवर, दुसरा पिनच्या पलीकडच्या बाजूला, आणि सावकाश दाब. काढताना बारीक सपाट स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून पिळायचा आणि सगळं काम पारदर्शक पिशवीत हात घालून करायचं. नाहीतर क्लिप कपाटाखाली. ३ मि.मी.च्या पिनला बहुधा २ मि.मी.ची क्लिप लागते, कारण तिचं माप खाचेच्या व्यासावरून असतं. दोन-तीनदा काढलेली क्लिप फेकून द्या.

काही जण पिनऐवजी हार्डवेअरच्या दुकानातून ३ मि.मी.ची डॉवेल पिन आणतात. ती दाबून बसवण्यासाठी असते, म्हणून मुद्दाम ३.००२ ते ३.००८ मि.मी. जाड केलेली. वर ती कडक केलेली असेल तर आदळल्यावर वाकत नाही, तुटते. ३ मि.मी.ची सिल्व्हर स्टील सळई त्यापेक्षा बरी: कापा, टोकं गोल करा, ड्रिलमध्ये धरून १००० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकवा. तेल लावू नका, धूळ चिकटून त्याची लापी होते.

आणि नवे आर्म चिवट व्हावेत म्हणून ते पाण्यात उकळणार असाल, तर रीमर त्यानंतर. नायलॉन पाणी पिऊन फुगतं. कोकणातल्या पावसाळ्यात ते न उकळताही थोडं फुगतं, तेव्हा उन्हाळ्यात अगदी नेमकी बसवलेली पिन जुलैत एकदा तपासून घ्या.