फ्रीहँड थ्रीडी सोनोग्राफीचं कॅलिब्रेशन : माझा अनुभव

एमटेकच्या प्रोजेक्टला साधा टूडी प्रोब (सोनोग्राफी मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) हाताने फिरवत त्याच्या इमेजेसवरून थ्रीडी व्हॉल्यूम बनवायचा होता, यालाच फ्रीहँड म्हणतात. प्रोबवर मार्कर बसवला की ट्रॅकिंग कॅमेरा मार्कर कुठे आहे ते सांगतो, पण स्क्रीनवरचा पिक्सेल त्या मार्करपासून नेमका कुठे आहे ते शोधायला कॅलिब्रेशन लागतं. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे नोंदणीशिवाय सोनोग्राफी मशीन विकत घेता येत नाही, म्हणून एका रेडिओलॉजिस्ट सरांना विचारलं, त्यांनी पेशंट संपले की मशीन वापरू दिलं, त्यांचे खरंच उपकार आहेत.

सॉफ्टवेअर म्हणजे 'प्लस' (PLUS) नावाचं टूलकिट, कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीचं, ओपन सोर्स आणि फुकट. फँटम, म्हणजे शरीराऐवजी स्कॅन करायची मोजमाप माहीत असलेली वस्तू, हा थ्रीडी प्रिंट केलेला पाणी भरलेला डबा, त्यात इंग्रजी एन अक्षरासारखी ताणून ओवलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची तार. इमेजमध्ये प्रत्येक एनचे तीन ठिपके दिसतात, मधला ठिपका कडेच्या दोघांपैकी कुणाकडे किती सरकलाय त्यावरून तिरप्या तारेवरची जागा निघते. इतकी साधी भूमिती पण काय कमाल काम करते! कॅमेरा आणि इमेज यांच्यातला वेळेचा फरक काढायला प्रोब पाण्यात वरखाली हलवायचा, ते पटकन झालं.

पाण्याने मात्र घाम काढला. मशीन आवाजाचा वेग 1540 मीटर प्रति सेकंद धरून चालतं, शरीरासाठी ते ठीक आहे, पण 20 अंशाच्या पाण्यात तो साधारण 1482 असतो, म्हणजे 10 सेंटीमीटरवरची तार जवळपास 4 मिलिमीटर खाली दिसते आणि जेवढं खोल तेवढी चूक जास्त. पाणी 50 अंशांपर्यंत तापवलं की वेग जुळतो, पण पीएलए या थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लास्टिकचा डबा 60 च्या आसपास मऊ पडतो, ती रिस्क नको वाटली. ग्लिसरीन मिसळलं की पाण्यातला आवाजाचा वेग वाढतो, मग मेडिकलमधून ते आणलं. फँटममधल्या वरच्या-खालच्या दोन तारांत 40 मिलिमीटर अंतर होतं, मशीनचे कॅलिपर (स्क्रीनवर अंतर मोजायची खूण) 41.6 दाखवत होते, थोडं थोडं ग्लिसरीन ओतत ढवळत राहिलो आणि आकडा 40 वर आल्यावर थांबलो.

बुडबुड्यांचं पण बघा. तारेला चिकटलेला बुडबुडा इतका चमकतो की सॉफ्टवेअर त्यालाच तार समजतं, म्हणून पाणी आधी उकळून गार करायचं आणि ढवळून झालं की तारांवरून मऊ ब्रश फिरवायचा. एवढं केल्यावर एरर एका मिलिमीटरच्या आत आला आणि सरांनी स्वतः प्रोब हातात घेऊन बघितलं. हे सगळं एकाच डेप्थ सेटिंगचं (किती खोलपर्यंत दाखवायचं ते) हं, मशीनवर डेप्थ बदलली की पिक्सेलचा स्केल बदलतो, आता 15 सेंटीमीटरचं करायला घेतलंय.