अक्षर तरी माझं

आज झोप येत नाहीये. कारण म्हटलं तर एवढंसं.

इथे बल्गेरियात, माझ्या लेकीच्या, सियानाच्या बालवाडीत वर्गाबाहेर मुलांची छोटी कपाटं आहेत, प्रत्येकावर नाव. विक्तोरिया, निकोल, राया, सोफिया, परत एक विक्तोरिया. (नव्या मुलींमध्ये गेली कित्येक वर्षं हेच नाव आघाडीवर.) सासूबाईंनी चष्मा लावून सगळी नावं वाचली. मग सियानाच्या नावातल्या पहिल्या अक्षरावर बोट टेकवून म्हणाल्या, "अक्षर तरी माझं आहे."

रागावून नाही बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं नाव, ही इथली जुनी रीत. आता बरेच जण नुसतं अक्षर घेतात. आम्हीही 'स' घेतला. नाशिकला आईला 'सिया' म्हणून हाक मारता येईल, याचाच मला आनंद. सासूबाईंना तेव्हा कुणी विचारलं होतं? मी तरी नाही. आणि माझं इथे कोण ऐकतं, हे रडगाणं मात्र वर्षभर गायले.

त्यांचं नाव स्तोयांका. 'स्तोया' म्हणजे उभं असणं. आपल्या 'स्था'चंच भावंड. घरात मुलं जगत नसली की पुढच्या लेकराला स्तोयान, स्तोयांका म्हणायचे, म्हणजे ते राहील. झिव्का हे नावही तसंच, त्यात आपला 'जीव' आहे. सासूबाईंच्या आधीची दोन गेली होती. हे त्यांनी गेल्या सप्टेंबरात सांगितलं, भाजलेल्या मिरच्यांची साल काढता काढता, हातातली मिरची खाली न ठेवता.

मला आमची धोंडूआत्या आठवली. आपल्याकडे काळाची नजर वळू नये म्हणून लेकराला धोंडा म्हटलं, दगड म्हटलं. यांनी सरळ लेकरालाच विनवलं, राहा बाई.

आता लेकरं जगतात, ही विनवणी कुणाला करावी लागत नाही. नाव मागे पडलं ते त्यामुळेही असेल, आणि तसं असेल तर ते चांगलंच झालं. पण आमच्या इमारतीच्या दारावर, समोरच्या खांबावर मृत्यूचे छापील कागद चिकटवतात, फोटोसकट. नेक्रोलोग म्हणतात त्याला. तिथे असतात पेंका, इवांका, स्तोयांका. सासूबाई प्रत्येक कागदापाशी थांबून वाचतात. त्यांना काय वाटत असेल ते...

परतताना सियाना हात सोडून रस्त्याकडे धावली. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. सासूबाई मागून ओरडल्या, "स्तोय!" थांब, उभी राहा. ती फुटपाथच्या कडेला जागच्या जागी उभी राहिली.

मग दोघींनी तिचा एकेक हात धरला आणि रस्ता ओलांडला.

उद्या त्यांना विचारायचं आहे, त्या दोन भावंडांची नावं काय होती.