पुरुषोत्तमची यादी आणि कार्यालयातली सही: माझा अनुभव

आमची एकांकिका बसायला जेवढा त्रास झाला नाही, तेवढा त्रास कलाकारांच्या यादीवर कॉलेजची सही आणि शिक्का मिळवताना झाला. एक वर्ष होत आलं, तरी त्या खिडकीची आठवण झाली की माझं डोकं तापतं. म्हणूनच हे लिहितेय. ऑगस्ट तोंडावर आलाय, पुण्यातल्या कितीतरी कॉलेजांत आत्ता कुणीतरी मुलगा किंवा मुलगी हातात फाईल घेऊन याच चक्रात शिरत असेल. त्यांना तरी आधी कळावं.

गेल्या वर्षी मी आमच्या कॉलेजच्या पुरुषोत्तमच्या टीमची मॅनेजर होते. रंगमंचावर माझं काही काम नव्हतं. अर्ज, फी, याद्या, तालमीच्या जागेची परवानगी, टेम्पो, जेवण, सगळं माझ्याकडे. ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात होते, त्यातल्या नऊ एकांकिका अंतिम फेरीत जातात. अभिनय, दिग्दर्शन आणि लेखन यांना इथे खरा मान. परीक्षक किती कडक असतात याचा अंदाज यावा म्हणून सांगते, 2022 साली एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही म्हणून करंडक कुणालाच दिला गेला नव्हता. पहिल्या वर्षापासून मुलं ज्याची स्वप्नं बघतात ती ही स्पर्धा, आणि 'अरे आव्वाज कुणाचा' ही आरोळी ज्यानं भरतच्या प्रेक्षागृहात उभं राहून एकदा दिलीय, त्याला मी काय म्हणतेय ते कळेल.

संहिता आमच्याच एका मुलानं लिहिली होती. वाचन, पात्रांची निवड, अर्ज, प्रवेशशुल्क, लॉट्स (कुणी कोणत्या दिवशी सादर करायचं याच्या चिठ्ठ्या), सगळं नीट पार पडलं. लॉट्समध्ये आम्हाला दिवसही बरा मिळाला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते यादीपाशी.

टीममधली सगळी मुलं याच कॉलेजची, याच वर्षी शिकणारी आहेत, असं कॉलेजनं लेटरहेडवर लिहून द्यायचं, वर प्राचार्यांची सही आणि शिक्का. एका पानाचं काम. आमच्या कार्यालयानं सांगितलं की प्रत्येक मुलाचं चालू वर्षाचं ओळखपत्र आणि फीची पावती जोडल्याशिवाय यादी प्राचार्यांच्या टेबलावर जाणारच नाही. ऐकायला रास्त वाटतं. पण जरा कॅलेंडर बघा. विद्यापीठाचे निकाल जुलैमध्ये लागतात, कधी त्याहूनही उशिरा. निकाल लागल्याशिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे प्रवेश होत नाहीत. प्रवेश झाल्याशिवाय पावती नाही, पावतीशिवाय ओळखपत्र नाही. आणि आमच्याकडे ओळखपत्रं छापून येतात गणपतीनंतर. प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये. म्हणजे जो कागद अस्तित्वातच नाही, तो जोडा म्हणायचं.

मी खिडकीवर गेले आणि हेच सांगितलं. "मॅडम, ओळखपत्रं अजून कॉलेजनंच दिलेली नाहीत." मॅडम म्हणाल्या, "मग आल्यावर या." "पण स्पर्धा त्याच्या आधी आहे." "ते आम्हाला सांगू नका, कला मंडळाच्या सरांना सांगा." कला मंडळाचे सर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मनापासून मदत करणारे, तालमीला येऊन बसणारे, पण प्रॅक्टिकल्स आणि पेपर तपासणी सांभाळून कला मंडळ बघणारे. त्यांनी कार्यालयाला चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखा. मग जुनी ओळखपत्रं चालतील का विचारलं. नाही. मागच्या वर्षीची गुणपत्रिका? त्यानं तो मागच्या वर्षी इथे होता एवढंच कळतं, या वर्षी आहे हे कसं कळणार? हेही तर्काला धरून होतं, आणि म्हणूनच जास्त चीड येत होती. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर होतं, आणि सगळी उत्तरं एकत्र केली की आमची एकांकिका होत नव्हती.

तालमीत मी काही बोलत नव्हते. दिग्दर्शक विचारायचा, "यादीचं झालं का गं?" आणि मी "होतंय" म्हणायचे. मुलं रात्री उशिरापर्यंत हालचाली पक्क्या करत होती, त्यांच्या डोक्यात हे घालायचं नव्हतं.

त्यात आमच्या मुख्य भूमिकेतल्या मुलाचा प्रश्न वेगळाच निघाला. हा मुलगा मराठवाड्यातला, समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणारा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकतो, म्हणजे त्याची फी महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जातून यायची. त्याचा निकाल लागला होता, प्रवेशाचा अर्जही भरला होता. पण आधीच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचा हप्ता अजून जमा झाला नव्हता, म्हणून संगणकावर त्याच्या नावापुढे थकबाकी दिसत होती. खिडकीवर त्याला सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात सांगण्यात आलं, "तुझी फी बाकी आहे, तुझं नाव यादीत कसं घेणार?" तो काही न बोलता बाजूला झाला. नंतर मला म्हणाला, "माझ्या जागी दुसरं कुणी बघा, माझ्यामुळे सगळ्यांचं अडायला नको."

मला अजूनही याचाच सगळ्यात जास्त राग आहे. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फीची मागणी करू नये, असं समाजकल्याण विभाग कॉलेजांना वेळोवेळी बजावत असतो. सरकारचे पैसे सरकारकडून उशिरा येतात, त्यात त्या मुलाचा दोष काय? ज्याच्या वडिलांनी पंधरा मिनिटांत फोनवरून पैसे भरले, त्याचं नाव यादीत बसतं. आणि जो त्या भूमिकेसाठी दोन महिने घाम गाळतोय, त्यानं मागे व्हायचं. हे मला मान्य होणं शक्यच नव्हतं. टीमनं त्या रात्री एकमुखानं ठरवलं की तो नसेल तर एकांकिका होणार नाही.

मार्ग सापडला तो जिमखान्यात. मी तिथे आमच्या कबड्डीच्या मैत्रिणीची वाट बघत बसले होते. तिच्या हातात तिचा पात्रता अर्ज होता, सगळ्या सह्या झालेला. मी विचारलं, तुझं ओळखपत्र कुठून आलं? ती म्हणाली, "ओळखपत्र कुठंय? पीडी सरांनी बोनाफाईड काढून दिलं."

पीडी सर, म्हणजे आमचे शारीरिक शिक्षण संचालक, गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न सोडवत आलेत. विद्यापीठाच्या स्पर्धा आधी विभागवार होतात, पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर आणि नाशिक, मग आंतरविभागीय, आणि तिथून विद्यापीठाचा संघ निवडून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. काही खेळांच्या स्पर्धा सत्र सुरू झाल्या झाल्याच लागतात, त्यामुळे ओळखपत्रांची वाट बघत बसलं तर संघच उतरणार नाही. खेळाला कॉलेजात पूर्ण वेळचा माणूस आहे, ज्याला ही वाट पाठ आहे. नाटकाला नाही. नाटकात दर वर्षी नवीन मॅनेजर येते आणि पहिल्यापासून त्याच भिंतीवर डोकं आपटते. हे सगळ्या कॉलेजांच्या कला मंडळांनी मनावर घ्यायला हवं असं मला खूप वाटतं.

सरांनी मला बसवून नीट समजावलं. बोनाफाईड मागताना 'चालू वर्षात शिकत आहे' असा दाखला मागायचा नाही, कारण तो कार्यालय देऊच शकत नाही. 'सदर विद्यार्थ्याने चालू शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश अर्ज सादर केला असून प्रवेश प्रक्रिया सुरू आहे. हा दाखला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी देण्यात येत आहे' अशी वाक्यं अर्जातच लिहून द्यायची. म्हणजे कारकुनाला स्वतःच्या जबाबदारीवर काही ठरवावं लागत नाही, जे खरं आहे तेवढंच लिहायचं असतं. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा, त्याला प्रवेश अर्जाची प्रत आणि निकालाची प्रत जोडलेली. सगळे अर्ज कला मंडळाच्या सरांच्या एका पत्राखाली एकत्र द्यायचे. आणि खिडकीवर नाही, आवक-जावक विभागात. तिथे आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. क्रमांक पडला की तो कागद 'नंतर बघू' म्हणून बाजूला टाकता येत नाही. हे मला कुणी सांगितलं असतं तर माझा सगळा जुलै वाचला असता.

आमच्या मुख्य नटासाठी पीडी सर स्वतः माझ्याबरोबर आले. त्याच्या अर्जाला महाडीबीटीवरच्या अर्जाची छापील प्रत, त्यावरचा अर्ज क्रमांक आणि जातीच्या दाखल्याची प्रत जोडली होती. सर शांतपणे एवढंच म्हणाले, "हा मुलगा शिष्यवृत्तीचा आहे, याची थकबाकी याच्या नावावर दाखवू नका." दाखला त्याच दिवशी तयार झाला.

मग कळलं प्राचार्य परिषदेसाठी बाहेरगावी गेलेत. यात मात्र घाबरू नका. प्राचार्य रजेवर असले की कुणाकडे तरी कार्यभार असतोच, प्रभारी प्राचार्यांची सही चालते. आमच्या उपप्राचार्य मॅडमनी यादी वाचली, एकेका मुलाचं नाव विचारलं, एकांकिका कशावर आहे विचारलं आणि सही केली. शिपाई काकांनी शिक्का मारून दिला तेव्हा माझे हात थरथरत होते. मी तिथूनच ग्रुपवर यादीचा फोटो टाकला. सगळी नावं होती.

काही गोष्टी आठवतील तशा लिहितेय. यादीत एक-दोन नावं जास्तीची घ्या, बॅकस्टेजची मुलं तर नक्कीच, कारण आयत्या वेळी कुणी आजारी पडलं तर दुसऱ्याला उभं करताना पुन्हा सहीसाठी धावावं लागत नाही. नावाचं स्पेलिंग आणि आडनाव गुणपत्रिकेप्रमाणेच लिहा, घरचं नाव नको. टीममध्ये कुणाला केटी लागली असेल, म्हणजे मागचा विषय राहिला असेल, तर त्याला पुढच्या वर्षात प्रवेश मिळतोय ना, हे जूनमध्येच बघून ठेवा. संहिता बाहेरच्या लेखकाची असेल तर लेखी परवानगी आधी, तालीम नंतर. लेखक बहुतेक आनंदानं देतात, पण तोंडी 'करा रे' पुरत नाही. आणि पुढे कधी बाहेर जाहीर प्रयोग लावायचा झाला तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा दाखला लागतो, त्याला वेळ लागतो.

तालमीच्या जागेचं राहिलंच. संध्याकाळनंतर वर्ग उघडा ठेवायचा तर सुरक्षारक्षकाकडे लेखी परवानगीची प्रत असू द्या, रोज नवा माणूस ड्यूटीवर असतो. मुलींच्या घरी जाण्याची सोय आधी ठरवा. आम्ही नऊनंतर एकाही मुलीला एकटं सोडलं नाही.

हे सगळं फक्त पुरुषोत्तमपुरतं नाही, म्हणून जरा पुढचंही सांगते. एकदा काढलेली ही फाईल वर्षभर कामाला येते. गणपतीनंतर विद्यापीठाचे युवा महोत्सव लागतात. त्यातून निवड झाली तर राज्यातल्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य' या सांस्कृतिक महोत्सवापर्यंत जाता येतं, खेळाडूंसाठी तसाच 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव. नव्या वर्षात फिरोदिया करंडक, जिथे नाटकाबरोबर नाच, वादन, चित्र, शिल्प जे जे येतं ते गुंफायचं असतं, त्यामुळे मुलांची यादी पुरुषोत्तमच्या दुप्पट होते. आंतरविद्यापीठ पातळीवर वयाची अट असते, त्यामुळे दहावीची गुणपत्रिका किंवा जन्मदाखला फाईलमध्ये आधीच ठेवा. सगळ्या ठिकाणी मागतात तेच चार कागद आहेत. आणि जे कशातच भाग घेत नाहीत त्यांनी निदान बघायला तरी जा. विद्यापीठाच्या आवारात ललित कला केंद्राच्या अंगणमंचावर मुलांचे प्रयोग होतात, खाशाबा जाधवांच्या नावाचं क्रीडासंकुल तिथेच आहे. आपल्याच वयाची मुलं काय ताकदीचं काम करतात ते समोर बसून बघण्यासारखं आहे.

आमची एकांकिका अंतिम फेरीत गेली नाही. पण आमच्या त्या मुलानं भरतच्या रंगमंचावर जे काम केलं, ते बघताना विंगेत उभी असलेली आमची सगळी टीम श्वास रोखून होती, आणि पडदा पडल्यावर अनोळखी लोक येऊन त्याला भेटत होते. मला त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आजवर कशाचाच वाटला नव्हता.

माझं तिसरं वर्ष संपलं. फाईल मी आता दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीकडे दिलीय, अर्जाच्या मजकुरासकट. तिनं कला मंडळाच्या सरांचं पत्र जूनमध्येच घेऊन ठेवलंय. या वेळी टीममध्ये शिष्यवृत्तीची तिघं आहेत. त्यांच्या महाडीबीटी अर्जांच्या प्रती जमल्या की सोमवारी ती सगळे अर्ज एकत्र आवक-जावकला देणार आहे, आणि मीही तिच्याबरोबर जाणार आहे.