क्रियापदांची वही, आठवडा सहावा: बळ सरत चाललंय

मंडळी, या वेळचं अपडेट उशिरा येतंय कारण पूर्ण आठवडा एकाच वाक्यावर अडकले होते. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, बाबांच्या आजारपणात मी रोज चार ओळी लिहायचे, ती डायरी आता इंग्रजीत करतेय, कुठे छापायला वगैरे नाही, इंग्रजी क्रियापदं नीट हाताळता यावीत म्हणून. तीन आठवड्यांचं आजारपण, एकवीस नोंदी, त्यातल्या अकरा झाल्यात. बाराव्या नोंदीत लिहिलंय, 'बाबांच्या अंगातलं बळ सरत चाललंय.' इथे गाडी थांबली.

पहिल्या झटक्यात वीकन लिहिलं. चूक काहीच नाही त्यात, पण वीकनला चेहराच नाही, पूल वीकन होतो, चलन वीकन होतं, वादळही वीकन होतं आणि माणूसही, वाचणाऱ्याला कळतं पण डोळ्यासमोर काही येत नाही. डिक्रीज तर नकोच, ते आकड्यांचं क्रियापद, बळ मोजून डब्यात ठेवल्यासारखं वाटतं.

मग वहीत नवीन पान काढलं आणि अशक्त होणे या घरातली आठवतील तेवढी क्रियापदं लिहून काढली, चोवीस निघाली. दोन दिवस मी त्यांना हलक्यापासून जोरदार असं ओळीने लावत बसले आणि ते काही केल्या जमेना, कारण ही क्रियापदं किती बळ गेलं ते सांगतच नाहीत, ते कसं गेलं ते सांगतात. हे लक्षात आलं ते मराठीमुळे. आपण पूर ओसरला म्हणतो आणि विहीर आटली म्हणतो, उलट करून बघा, कानाला लगेच खटकतं. ताप उतरतो, संख्या रोडावते, चेहरा कोमेजतो, उत्साह मावळतो, झाड वठतं, माणूस खंगतो. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं तरी चुकत नाही. मग इंग्रजीलाही तेच दोन प्रश्न विचारायचे, जातंय ते काय आणि जातंय कसं. ड्विंडल म्हणजे आपलं रोडावणं, साठा, गर्दी, शिल्लक पैसे यांच्यासाठी. विल्ट म्हणजे रोपाने मान टाकणं, पाणी घातलं तर परत उभं राहू शकतं, विदर म्हणजे सुकूनच जाणं. फेड रंगाचं, आवाजाचं, आठवणीचं. ही सगळी पटापट लागली.

वेळ गेला तो वेन आणि एब यांच्यात. दोन्ही जुन्या इंग्रजीपासूनचे शब्द, वेनचा मूळ अर्थ नुसताच कमी होणे असला तरी आज तो चंद्राशी जोडलेला आणि एब समुद्राशी. वेन म्हणजे कृष्ण पक्ष. त्याचा जोडीदार वॅक्स, शुक्ल पक्षातलं वाढणं, मेणाच्या वॅक्सशी त्याचा संबंध नाही. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत साधारण पंधरा दिवस चंद्र बारीक होत जातो पण एका रात्रीत फरक जाणवत नाही, म्हणून इंटरेस्ट वेन होतो, लोकप्रियता वेन होते, एखाद्याचा दबदबा वेन होतो. एब म्हणजे ओहोटी, ती सहाएक तासांत होऊन जाते, बघता बघता पाणी मागे सरतं आणि पुन्हा येतं. एबला अवे जोडलं की मात्र अर्थ जड होतो, 'हिज लाइफ एब्ड अवे' म्हणजे माणूस गेलाच, त्यामुळे बाबांसाठी ते अवे मला अजिबात नको होतं, बाबा खणखणीत बरे झालेत.

फ्लॅगवरही बरीच रेंगाळले. याला झेंड्याच्या अर्थाने लक्षात ठेवू नका, हे क्रियापद सैल पडून लोंबण्याचं आहे, आपल्या मरगळण्याच्या किंवा ढेपाळण्याच्या जवळचं. एनर्जी फ्लॅग होते, स्पिरिट्स फ्लॅग होतात, रंगात आलेल्या गप्पाही फ्लॅग होतात. त्यावरून झालेलं अनफ्लॅगिंग मला फार आवडतं, मरगळ म्हणून न येणारा. पण फ्लॅग हे काम करता करता दमलेल्याचं, अंथरुणात पडून असलेल्या माणसाला ते लागत नाही असं माझं मत झालंय.

आता एक दुरुस्ती. चौथ्या नोंदीत मी 'हिज स्ट्रेंथ सॅप्ड' लिहिलं होतं आणि तुमच्यापैकी कोणाच्याच नजरेतून ते निसटायला नको होतं, माझ्याही नाही. सॅपला कर्म लागतं. बळ आपोआप सॅप होत नाही, कोणीतरी ते करतं. सैन्यातले सॅपर्स आठवा, सॅप म्हणजे मुळात शत्रूच्या तटापर्यंत चर खणत जाणं, तटाखालची जमीन काढून घेणं, फ्रेंचमधून आलेला शब्द, कुदळीशी नातं असलेला. झाडाच्या चिकाचा सॅप वेगळा, पण झाडातला रस काढून घेणं हा अर्थही यात मिसळलाय. आपल्याकडे पोखरणे आहे ना, तंतोतंत तेच, वरून भिंत उभी दिसते आणि आतून पोकळ. आता वाक्य 'द फीव्हर सॅप्ड हिज स्ट्रेंथ' असं केलंय आणि ते वाचताना मला खरंच तो ताप आत खणत बसलेला दिसतो. याउलट वेन आणि एब कर्म घेतच नाहीत, 'द फीव्हर वेन्ड हिम' असं कधीच होत नाही. मराठीत गळणे-गाळणे, खचणे-खचवणे असे जोडीचे वेगळे शब्द मिळतात म्हणून आपण सावध असतो, इंग्रजीत वीकन दोन्हीकडे चालतं आणि त्याची सवय झाली की बाकीच्यांशी गोंधळ होतो.

याच रांगेतलं एनर्व्हेट. एनर्जीसारखं दिसतं म्हणून भलेभले त्याचा अर्थ तरतरी आणणे असा धरतात, अर्थ बरोबर उलटा आहे. लॅटिनमध्ये नर्व्हस म्हणजे स्नायूची दोरी, आणि पुढचं ए म्हणजे बाहेर, दोरीच काढून घेतली की अंग लुळं पडणारच. ॲट्रफी ग्रीक, पोषण नसणे, वापर नसलेल्या स्नायूसाठी अगदी नेमकं, बाबांच्या पोटऱ्या झोपून झोपून बारीक झाल्या होत्या तिथे तेच वापरलं. अटेन्यूएट सिग्नलला आणि लसीतल्या जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूला, माणसाला लावायचं नाही. अबेट आणि सबसाइड वादळ, वेदना, सूज असल्या त्रासाला लागतात, म्हणून सतराव्या नोंदीतल्या तापासाठी सबसाइड बाजूला काढून ठेवलंय.

बाराव्या नोंदीत खाली अजून एक ओळ आहे, 'संध्याकाळी पाण्याचा पेला पेलवेना.' मला तो क्षण लख्ख आठवतो, अर्धाच भरलेला स्टीलचा पेला, बाबांच्या अंगठ्याचं नख दाबून पांढरं झालेलं, पाणी काठाशी थरथरत होतं, आणि मी काही न बोलता खालून तळवा लावला. पेलवेना, चालवेना, उठवेना, हा सगळा प्रकार इंग्रजी क्रियापदात बसतच नाही. 'कुड नॉट होल्ड' लिहिलं तर बाबा कर्ता होतात आणि अपयश त्यांचं होतं. मराठीत बाबांना पेला पेलवत नाही, बाबा बाजूला राहतात. 'हिज ग्रिप गेव्ह आउट' करून बघितलं पण गिव्ह आउट एकदम होतं, दोर तुटल्यासारखं. शेवटी 'द ग्लास वॉज टू मच फॉर हिम' ठेवलं. कर्ता पेला झाला, बाबा परत बाजूला, यावर मी समाधानी आहे.

आणि त्या ओळीनेच वरचं कोडं सुटलं. मागच्या सगळ्या नोंदी परत वाचल्या तेव्हा दिसलं की रोज सकाळी बाबा उशीला टेकून बसायचे, थोडं बोलायचे, दुपारनंतर उतरती आणि संध्याकाळी काहीच शिल्लक नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी परत थोडं. ही ओहोटीच झाली. म्हणून बारावी नोंद 'बाय इव्हिनिंग हिज स्ट्रेंथ हॅड एब्ड', अवे न लावता. आणि डायरीच्या सुरुवातीला तीन आठवड्यांबद्दल जी एक ओळ आहे तिथे वेन.

पुढे चौदाव्या नोंदीत 'खंगलेत' आहे, त्याला वेस्ट अवे पक्कं वाटतंय, शरीर झिजत जाणं त्यात आहे. अडचण एकोणिसाव्याची आहे, तिथे लिहिलंय 'आज बाबांना जरा तरतरी आली.' रॅली म्हणजे पडता पडता सावरून उभं राहणं, ते त्या दिवसापेक्षा मोठं होतं, रिकव्हर फार पुढचं, पर्क अप मला थोडं हलकं वाटतंय. त्या दिवशी त्यांनी चष्मा मागितला होता, एवढंच. कोणाला शब्द सुचला तर उदाहरणासकट सांगा.